पाहुण्यांच्या मोबाइलमधले लग्नाचे फोटो कसे मिळवावेत

कराडला आमचं झेरॉक्स आणि फोटो प्रिंटचं दुकान आहे. लग्नसराई ओसरली की दुकानात एक ठरावीक मागणी सुरू होते. फोटोग्राफरकडून करिझ्मा अल्बम आलेला असतो, पानोपानी नवरा-नवरी असतात, पण घरच्यांना जे माणूस बघायचं असतं ते त्यात सापडत नाही. कुणाला हळदीच्या दिवशी जात्याजवळ बसलेली आजी हवी असते, कुणाला लग्नानंतर काही महिन्यांत गेलेले थोरले चुलते. मग व्हॉट्सॲपवर चार हात फिरून आलेला एखादा फोटो माझ्यासमोर धरतात आणि म्हणतात, 'ताई, एवढा मोठा करून द्या.' त्यात मोठं करण्याइतकं काही उरलेलं नसतं. मूळ फोटो ज्यानं काढला त्यानं तोपर्यंत फोन बदललेला असतो.

म्हणून आमच्या नात्यात लग्न ठरलं की पाहुण्यांचे फोटो गोळा करायचं काम मी स्वतःहून मागून घेते. पत्रिका वाटण्याइतकंच हे काम महत्त्वाचं आहे असं मला वाटतं, आणि घरात ते कुणाच्या तरी नावावर असायलाच हवं. पाहुण्यांना फोटो काढा म्हणून सांगावं लागत नाही, ते काढतातच. त्यांना सांगायचं असतं ते कुणाचा काढायचा. आणि आपण करायचं ते एवढंच की काढलेला फोटो त्यांनी कार्यालय सोडायच्या आत मूळ रूपात आपल्याकडे घ्यायचा. बाकी सगळं या दोन गोष्टींसाठी आहे.

फोटोग्राफर जिथे नसतो

फोटोग्राफर कितीही चांगला असला तरी त्याचं लक्ष स्टेजवर असतं, आणि ते तिथेच असायला हवं. विधी हुकला तर परत होत नाही. शिवाय त्याला माणसं माहीत नसतात. तिसऱ्या रांगेतल्या कुठल्या बाईंनी नवरीला लहानपणी सांभाळलं, कुठले दोन भाऊ बऱ्याच वर्षांनी शेजारी शेजारी बसलेत, हे त्याला कोण सांगणार? पाहुण्यांना ते ठाऊक असतं. त्यामुळे पाहुण्यांकडून नवरा-नवरीचे फोटो मागूच नका. त्यांना एकमेकांचे काढायला सांगा.

लग्नाच्या आठवडाभर आधी मी घरातल्या दोन-तीन बायकांना घेऊन बसते आणि कागदावर लिहून काढते: फोटोग्राफर कुठे कुठे नसेल? यादी मोठी होते. चुडा भरायला कासारीण येते तेव्हा सहसा फोटोग्राफर बोलावलेला नसतो. नवरीच्या हातांचे फोटो मैत्रिणी काढतातच, पण पहिल्या बांगड्या आजीच्या हातात चढतात तो क्षण सुटतो. मुहूर्तमेढ रोवताना घरातले पाच-सात जणच असतात. लग्नाच्या सकाळी फेटे बांधणारा एका खुर्चीवर एकेकाला बसवत जातो. तिथे रांगेत उभे असलेले काका, मेहुणे, शेजारी एकमेकांच्या फेट्याचा शेमला सरळ करत असतात. माझ्या मते पुरुषमंडळींचे सगळ्यात चांगले फोटो तिथे मिळतात, कारण स्टेजवर चढल्यावर तेच गृहस्थ हात सरळ ठेवून ताठ उभे राहतात.

मग रुखवत मांडणं. रुखवताचा फोटो फोटोग्राफर काढतो, पण तो मांडून झालेल्या टेबलाचा. ज्या आत्यानं महिनाभर रात्री बसून लोकरीचं तोरण विणलं, ती गुडघ्यावर बसून ते टाचणीनं लावताना कुणी टिपत नाही. पहाटे आचाऱ्याच्या मोठ्या पातेल्याशी उभे राहून मसालेभाताची चव घेणारे नवरीचे वडील. दारात उभी राहिलेली वऱ्हाडाची बस आणि खिडकीतून आधी बाहेर येणाऱ्या पिशव्या. नवरीच्या खोलीत एका आरशासमोर चार जणींच्या निऱ्या. खुर्च्या जोडून त्यावर झोपवलेलं पोर. परदेशातल्या भाचीला व्हिडिओ कॉलवर मंडप दाखवणारे, फोन दोन्ही हातांनी छातीशी धरलेले आजोबा. असा फोटो काढून त्या भाचीला पाठवला की तिला काय वाटतं ते मी पाहिलं आहे.

पंगतही यादीत घ्या. हल्ली बहुतेक ठिकाणी बुफे असतो, तरी विहिणींची पंगत बऱ्याच घरांत अजून बसते. जिलबीचा आग्रह करणारा हात आणि नको म्हणून ताटावर आडवा धरलेला हात एका चौकटीत आले की तो फोटो पुढच्या पिढीला काहीही न सांगता समजतो. फोटो मात्र आग्रह चालू असताना काढायचा. घास तोंडात असताना कुणाचाही काढायचा नाही.

एक नोंद मी यादीत सगळ्यात वर करते: घरातल्या ज्या बायकांचे पती गेलेले आहेत त्या. हळदीला, ओटी भरताना, औक्षणाला त्या आपोआप मागे सरतात, म्हणून अल्बममध्येही त्या दिसत नाहीत. शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीनं मे २०२२ मध्ये विधवा प्रथांवर बंदीचा ठराव केला आणि राज्य सरकारनं त्याच महिन्यात इतर ग्रामपंचायतींनाही तसं करायचं आवाहन केलं. ठराव होऊनही मांडवातली सवय बदलायला वेळ लागतो. पण फोटोच्या बाबतीत वेळ लागायचं काही कारण नाही. एखाद्या भाचीला स्पष्ट सांगून ठेवा की काकूला नवरीशेजारी बसव, तिच्या हातात हात दे आणि फोटो काढ.

सगळ्यांना सांगण्यापेक्षा सहा जणांना सांगा

लग्नाच्या ग्रुपवर 'सर्वांनी फोटो पाठवावेत ही विनंती' असं टाकलं की अंगठे आणि गुलाब येतात, फोटो येत नाहीत. विनंती माणसाच्या नावानं आणि एकाच कामाची असावी. मी पाच-सहा जण निवडते आणि प्रत्येकाला एक जागा देते.

नवरीच्या खोलीत एक मामी किंवा मावशी, जिला तिथे असायचा हक्क आहे. फेट्यांच्या रांगेत कॉलेजात जाणारा पुतण्या. बसमधून येणाऱ्यांपैकी एक. बाहेर, चपलांच्या जागेजवळ, वडिलांचे एखादे मित्र, कारण ते तसेही येणाऱ्या-जाणाऱ्यांना नमस्कार करत तिथेच उभे असतात. पंगतीजवळ एक वहिनी. आणि सातवी-आठवीतलं एखादं पोर, ज्याला मुद्दाम सांगायचं की सगळ्या आजी-आजोबांचे फोटो तुझ्याकडे. मुलं समोर आली की म्हातारी माणसं अवघडत नाहीत, आणि मुलांचा फोन बसलेल्या माणसाच्या चेहऱ्याच्या उंचीवरच असतो. मोठ्या माणसानं उभ्यानं काढलेल्या फोटोत आजीच्या डोक्यावरचा पदर तेवढा दिसतो.

नवऱ्या मुलाच्या किंवा मुलीच्या आईला, बापाला आणि सख्ख्या भावंडांना यात घेऊ नका. त्यांना त्या दिवशी श्वास घ्यायला वेळ नसतो.

निरोप तीन दिवस आधी द्यावा आणि लग्नाच्या सकाळी आठवण करावी. मी लिहिते ते साधारण असं असतं:

'मामी, रविवारी साडेबाराचा मुहूर्त आहे. तुम्ही नवरीच्या खोलीत असालच. आजी तिला मुंडावळ्या बांधतील तेव्हा तुमच्या फोनवर दोघींचा एक फोटो काढाल का? फोन आडवा धरा म्हणजे दोघी नीट येतील. जेवण झालं की पानसुपारीच्या टेबलाशेजारी मी बसलेली असेन. निघण्याआधी तिथे या, मी तुमच्या फोनवरून घेईन.'

यात वेळ, जागा, माणसं आणि फोटो कुठे द्यायचा हे सगळं आलं. एवढं स्पष्ट सांगितलं की मामी एकाऐवजी वीस फोटो काढतात आणि आठवणीनं टेबलाशी येतात.

मंगलाष्टकं चालू असताना

या वेळेला मात्र पाहुण्यांनी फोन खाली ठेवावेत असं माझं ठाम मत आहे. अंतरपाट धरला, मंगलाष्टकं सुरू झाली की पुढच्या तीन रांगांतले हात वर जातात आणि प्रत्येक हातात फोन असतो. फोटोग्राफरच्या चौकटीत नवरीच्या चेहऱ्याआधी उजळलेले पडदे येतात. आणि अक्षता? एका हातात फोन धरून माणूस दुसऱ्या हातानं कशातरी टाकतो, बघतो ते पडद्याकडे.

यावर उपाय गुरुजींकडे आहे. आदल्या दिवशी त्यांना भेटून विनंती करा की पहिल्या मंगलाष्टकाआधी त्यांनीच माइकवरून सांगावं: 'सर्वांनी मोबाइल खिशात ठेवून दोन्ही हात आशीर्वादासाठी मोकळे ठेवावेत.' गुरुजींचं कुणी मोडत नाही. घरच्या कुणी सांगितलं तर राग येऊ शकतो. आपल्या सहा जणांपैकी एकालाच परवानगी द्यायची, आणि त्यानं स्टेजकडे पाठ करून उभं राहायचं. शेवटचं 'सावधान' होऊन अक्षतांचा वर्षाव सुरू होतो तेव्हा सभागृहाचा चेहरा कसा असतो ते फक्त त्याच्याकडे येतं. नवरीच्या आईचे डोळे कुठे असतात, कोण हात जोडून उभं आहे, कोण पोराला खांद्यावर घेऊन अक्षता टाकायला शिकवतंय. माझ्याकडच्या गठ्ठ्यांत लोक सगळ्यात जास्त वेळ थांबून बघतात ते हे फोटो.

पाठवणीलाही तेच. एकाकडे फोन असू दे, तोही चार पावलं लांब.

फोनची काच पुसा

पाहुण्यांना प्रकाशाचे आणि कोनाचे धडे द्यायला जाऊ नका, कुणी ऐकणार नाही. दोन-तीन गोष्टी पुरतात, आणि पहिली सगळ्यात उपयोगाची: फोनच्या मागची कॅमेऱ्याची काच पदरानं किंवा रुमालानं पुसून घ्या. हळदीच्या दिवशी तर दर थोड्या वेळानं. हळद आणि तेलाचं बोट त्या काचेवर लागलं की सगळ्या फोटोंवर धुकट पांढरी तिरीप येते आणि नंतर काही केल्या ती जात नाही. दुकानात येणाऱ्या खराब फोटोंपैकी कितीतरी या एका कारणानं खराब झालेले असतात.

दुसरी गोष्ट, दोन बोटांनी चित्र जवळ ओढण्यापेक्षा चालत जवळ जा. ओढून आणलेला चेहरा फोनवर बरा दिसतो, कागदावर फुटतो.

तिसरी स्टेजची. आता कार्यालयांत पाठीमागे मोठी एलईडी भिंत असते. समोरून फोटो काढला की भिंत झगझगते आणि माणसं काळी पडतात. पडद्यावर चेहऱ्याला बोट लावा, शेजारी सूर्याचं चिन्ह येतं ते वर सरकवा, चेहरा उजळतो. काही वेळा अशा दिव्यांमुळे फोटोवर आडवे पट्टे येतात. तेव्हा कोन बदलून बाजूनं काढावा. खरं तर चांगला उजेड सभागृहात नसतोच, तो असतो प्रवेशदाराजवळच्या पडवीत, जिथे उन्हाचा थेट झोत नाही पण आभाळाचा उजेड आत येतो. आजी-आजोबांच्या खुर्च्या थोडा वेळ तिथे मांडा. त्यांनाही आतल्या ढोल-बँजोच्या आवाजातून विसावा मिळतो. गोरज मुहूर्त असेल तर ही बैठक दिवस मावळायच्या तासभर आधी उरकावी.

आणि फोन चार्ज करायची सोय करा. एका टेबलाखाली एक्स्टेंशन बोर्ड आणि दोन-तीन प्रकारच्या वायरी ठेवल्या की लोक तुमच्याजवळ आपण होऊन येतात. फोटो गोळा करायला हीच जागा धरा.

खर्चाची तयारी असेल तर तिथेच एक इन्स्टॅक्स कॅमेरा ठेवता येतो. फोटो लगेच कागदावर येतो, म्हणून वयस्कर मंडळींना त्याचं फार अप्रूप असतं. इन्स्टॅक्स मिनीच्या एका पाकिटात १० फोटो निघतात आणि फोटोचा कागद साधारण एटीएम कार्डाएवढा असतो. फिल्म महाग पडते, त्यामुळे कॅमेरा सगळ्यांच्या हातात देऊ नका. एका समजूतदार मुलीला बसवा, प्रत्येक जोडप्याचा एकच काढा, वहीत चिकटवा आणि शेजारी त्यांच्या हातानं आशीर्वाद किंवा उखाणा लिहून घ्या. कागद हलवायची गरज नसते, दीड-दोन मिनिटं सावलीत उलटा ठेवला की चित्र उमटतं. मे महिन्यात फिल्मची पाकिटं गाडीत ठेवू नका, उष्णतेनं रंग बिघडतात.

कार्यालय सोडायच्या आत

आता मुख्य काम. आमच्याकडे अक्षता पडल्या की निम्मं सभागृह जेवणाकडे जातं आणि जेवण झालं की गाड्यांकडे. चिपळूणची मंडळी कुंभार्ली घाट उजेडात उतरायचा म्हणून चारच्या आतच उठतात. मुंबईच्या पाहुण्यांना हायवेवरची संध्याकाळची गर्दी चुकवायची असते. एकदा घरी पोचले की दुसऱ्या दिवशी कामधंदा, मग 'पाठवतो, पाठवतो' आणि मग फोन भरला म्हणून पुसलेले फोटो. त्यामुळे जेवणाची पहिली पंगत उठते तेव्हा मी माझ्या टेबलावर असते, आणि गर्दी सरेपर्यंत हलत नाही. माझं जेवण कुणीतरी तिथेच आणून देतं.

टेबल पानसुपारीजवळ किंवा दाराजवळ मांडावं, म्हणजे जाणारा प्रत्येक जण समोरून जातो. सोबत काय ठेवायचं: चार्ज केलेला लॅपटॉप, टाइप सी आणि जुन्या आयफोनची अशा दोन्ही वायरी, दोन्ही बाजूंना तोंड असलेला एक पेनड्राइव्ह जो थेट फोनला लागतो, आणि एक वही. लॅपटॉप नसेल तर भरपूर जागा रिकामी असलेला एक फोन पुरतो.

फोटो घ्यायला फोनमध्येच असलेल्या सोयी वापरा: अँड्रॉइडवरून अँड्रॉइडवर क्विक शेअर, आयफोनवरून आयफोनवर एअरड्रॉप. दोन्हींना इंटरनेट लागत नाही आणि दोन्हींत मूळ फोटो जसाच्या तसा येतो. कार्यालयात शेकडो माणसं एकाच टॉवरवर असतात, नेट रांगत असतं, म्हणून मला हा मार्ग सगळ्यात भरवशाचा वाटतो. एअरड्रॉप करताना आपल्या फोनवर 'सगळ्यांसाठी' हा पर्याय सुरू करावा लागतो. तो दहा मिनिटांनी आपोआप बंद होतो, परत लावा. वायरनं घ्यायचे असतील तर अँड्रॉइड फोनवर 'फाइल ट्रान्सफर' निवडल्याशिवाय लॅपटॉपला काही दिसत नाही. आयफोनचे फोटो कधी कधी जुन्या कॉम्प्युटरवर उघडत नाहीत. घाबरू नका, कुठल्याही प्रिंटच्या दुकानात ते बदलून मिळतात.

फोन मालकाच्याच हातात राहू द्या, ही शिस्त मी कधी मोडत नाही. फोटो त्यानंच निवडायचे, त्यानंच पाठवायचे. एखाद्या आजींना जमत नसेल तर शेजारी त्यांची नात बसवा. आपण दुसऱ्याच्या गॅलरीत बोट फिरवायचं नाही. लोकांना हा विश्वास वाटला की पुढच्या लग्नात तेच आधी येऊन देतात.

व्हॉट्सॲपची गोष्ट नीट समजून घ्या, कारण शेवटी निम्मे फोटो त्यावरूनच येणार. साधा पाठवलेला फोटो लहान होऊन येतो. ४×६ इंचाच्या प्रिंटला तो कसाबसा चालतो, त्यापुढे नाही. शिवाय फोटो कधी काढला ती वेळ त्यातून गळून जाते. यावर दोन उपाय आहेत. जोडणीच्या चिन्हावर जाऊन 'डॉक्युमेंट' निवडायचं आणि तिथून फोटो घ्यायचा. असा आलेला फोटो मूळ असतो, वेळेसकट. ज्यांना हे अवघड वाटेल त्यांना पाठवताना वर दिसणारं 'एचडी' दाबायला सांगा. ही सोय २०२३ पासून आहे. त्यानं फोटो मूळ राहत नाही, पण बराच मोठा येतो. सेटिंग्जमध्ये 'स्टोरेज अँड डेटा' मध्ये जाऊन अपलोडचा दर्जा कायमचा एचडी करता येतो. आपल्या सहा जणांच्या फोनवर हे हळदीच्या दिवशीच करून टाका. आणि फोटोंसाठी वेगळा ग्रुप काढा. शुभेच्छांच्या ग्रुपमध्ये फोटो सापडत नाहीत.

तरुण मंडळींसाठी गूगल फोटोजवर आधीच एक सामायिक अल्बम करून ठेवावा. अल्बमच्या शेअरिंगमध्ये 'इतरांना फोटो घालू द्या' हे चालू आहे ना ते बघा. त्याच्या दुव्याचा क्यूआर कोड क्रोममधूनच तयार होतो. तो कागदावर छापून जेवणाच्या टेबलांवर आणि रुखवताजवळ ठेवा. स्टेजजवळ ठेवून उपयोग नाही, तिथे कुणी निवांत नसतं. कोडखाली मराठीत एक ओळ लिहा: 'तुमच्या फोनमधले आमच्या माणसांचे फोटो इथे टाका.' फोटो घालायला गूगलचं खातं लागतं, अँड्रॉइड वापरणाऱ्यांकडे ते बहुधा असतंच.

या अल्बमची एक मेख आहे. त्यात टाकलेले फोटो टाकणाऱ्याच्या जागेत मोजले जातात, आणि गूगलकडे फुकट मिळणारी जागा मेल आणि सगळं मिळून १५ जीबी आहे. जागा भरली की माणूस जुने फोटो पुसतो, आणि त्यानं पुसले की ते तुमच्या अल्बममधूनही जातात. म्हणून आठवड्याच्या आत सगळा अल्बम स्वतःच्या कॉम्प्युटरवर उतरवून घ्या. फोटो अल्बममध्ये दिसतोय म्हणजे तो आपल्याकडे आहे असं धरू नका.

वही कशासाठी? कोण देऊन गेलं आणि कुणाकडचे यायचे आहेत ते लिहायला. ज्यांचे राहिले त्यांना दुसऱ्या दिवशी सकाळी दहाच्या सुमाराला मी फोन करते. मेसेज करत नाही. प्रवास नीट झाला का ते आधी विचारते, मग त्यांच्याकडच्या एखाद्या नेमक्या फोटोची आठवण देते: 'तुम्ही दादांचा फेट्यातला काढला होतात ना, तो द्या.' सत्यनारायणाच्या पूजेपर्यंत घर अजून लग्नातच असतं. नंतर पाहुण्यांचं लक्ष दुसरीकडे जातं.

नवऱ्याकडची मंडळी

मुलीकडच्या घरात मुलाकडचे फोटो जवळजवळ येत नाहीत. बसमधला प्रवास, त्यांच्या दारातली मुहूर्तमेढ, माप ओलांडून मुलगी आत गेली तो क्षण, हे सगळं त्यांच्या फोनवर राहतं. आईबापांनी तर गृहप्रवेश पाहिलेलाही नसतो. ही मागणी विहीणबाईंकडे थेट करू नये, त्या दिवशी त्यांच्यावर कुठलंच काम टाकणं बरं दिसत नाही. त्यांच्याकडची करवली किंवा नवऱ्याचा एखादा मावसभाऊ गाठा. सीमांतपूजनाच्या संध्याकाळी ओळख करून घ्या, 'आमच्याकडचे सगळे फोटो तुम्हाला देते, तुमच्याकडचे मला द्या' असं सांगा. देवाणघेवाण म्हटली की संकोच राहत नाही. सूनमुख बघताना आरशात दोघींचे चेहरे एकत्र दिसतात. तो फोटो त्यांच्याच बाजूला उभ्या असलेल्या कुणाला तरी मिळतो. तो आवर्जून मागा, मुलीच्या आईसाठी.

काढू नयेत आणि पसरू नयेत असे

नवरीच्या खोलीत कपडे बदलणं चालू असताना फोन बाहेर. हे दारावरच्या मामीनं बघायचं. रडणाऱ्या माणसाचा अगदी तोंडाजवळ जाऊन फोटो नको. कुणाच्या आहेराच्या पाकिटाचा, दागिन्यांच्या डब्याचा नको. नवरीचे फोटो तिनं स्वतः टाकायच्या आधी कुणी स्टेटसला ठेवू नयेत, हे मैत्रिणींना आधी सांगितलं तर त्या पाळतात. लहान मुलांचे फोटो त्यांच्या आईला विचारल्याशिवाय पुढे पाठवू नयेत. आणि कुणी 'माझा नको' म्हटलं तर तो तिथेच पुसावा, कारण विचारू नये.

आहेराची वही आणि फोटो

सगळं जमलं की हजारभर फोटो सहज होतात. आधी एकसारखे काढून टाका, दहातला एक ठेवा. मूळ फोटोंत वेळ असल्यामुळे सगळ्यांचे फोन मिळून दिवस आपोआप क्रमानं लागतो: फेटे, बस, गौरीहर, अक्षता, पंगत. व्हॉट्सॲपवरून आलेल्यांच्या नावात डब्ल्यूए अशी अक्षरं असतात, ते हातानं मध्ये बसवावे लागतात.

मग मी आहेराची वही मागून घेते. लग्नाला कोण आलं होतं याची त्याहून चांगली यादी घरात दुसरी नसते. एकेक नाव वाचायचं आणि त्या घरातलं कुणीतरी एका तरी फोटोत आहे का ते बघायचं. नसेल तर गठ्ठ्यात परत शोधायचं, कुणाच्या तरी मागे, पंगतीच्या टोकाला ते सापडतात. स्टेजवरच्या रांगेतले फोटो फोटोग्राफरकडून मागवून उरलेली नावं भरा. आचारी, वाढपी, मांडववाले आणि सनईवाले यांची नावं वहीत नसतात, ती आपण वेगळी लिहावीत.

ज्यांचं वय झालं आहे त्यांच्यासाठी ४×६ च्या प्रिंटा काढा. मोबाइलवर पाठवलेला फोटो त्यांना बघायला दुसऱ्याची वाट बघावी लागते. नीट प्रिंटसाठी फोटो किमान १२०० × १८०० पिक्सेलचा असावा, आजच्या कुठल्याही फोनचा मूळ फोटो त्याहून मोठाच असतो. मागच्या बाजूला मऊ पेन्सिलीनं, अगदी हलक्या हातानं, नाव, नातं, गाव आणि तारीख लिहा. बॉलपेन दाबून लिहिलं की पुढे वळ उमटतो. 'काकू' एवढंच लिहू नका, पन्नास वर्षांनी कुणाची काकू ते कळणार नाही. 'नवरीच्या वडिलांच्या थोरल्या वहिनी, ओगलेवाडी' असं पूर्ण लिहा.

साठवण दोन ठिकाणी हवी: एक हार्ड डिस्क आणि एक ऑनलाइन खातं, किंवा दोन वेगवेगळ्या घरांत दोन हार्ड डिस्का. एकट्या पेनड्राइव्हवर विसंबू नका, तो हरवतोही आणि बिघडतोही. मुलगी पहिल्या सणाला माहेरी येते तेव्हा एक प्रत तिच्या हातात द्या आणि एक तिच्या सासरी पाठवा, त्यांच्याकडच्या माणसांची नावं मागे लिहायला. ती नावं आपल्याला येत नाहीत, त्यांच्याकडूनच भरून घ्यावी लागतात, आणि विहीणबाई ते काम फार आनंदानं करतात.